सैल डोळा

मी पोटासाठी काय करते ते गावात सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "पाखरं बघायचा पगार देतेत?" देतात. दक्षिणेच्या बर्फाकडे जाणारी छोटी जहाजं असतात, ऐंशी-नव्वद प्रवाशांची. त्यांच्या डेकवर उभं राहून लोकांना समुद्रपक्षी दाखवायला एक माणूस लागतं. गेली पंधरा वर्षं ते माणूस मी आहे. विचारणारा लगेच म्हणतो, "आमच्या तुरीत येऊन बसा की. फुकटात दाखवतो."

पूर्वी मी हसायची. आता हसायचाही कंटाळा येतो.

या नोकरीत मजा आहे असं ज्यांना वाटतं त्यांना एकदा माझ्या जागी उभं करायला पाहिजे. सकाळी सहाला डेकवर. अंगावर चार थर, वर जहाजाचं जाड जाकीट, आणि तरी वारा मानेतून आत शिरतोच. पायाखालची जमीन दिवसभर हलत असते, त्यामुळे गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला आहे. पंधरा वर्षांनंतरही मला बोट लागते, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. उलटी करायची, चूळ भरायची, तोंडावर हसू चिकटवायचं आणि कठड्याशी परत येऊन म्हणायचं, बघा बघा, पाण्यालगत, तो चालला. सुरुवातीला ते हसू आपोआप यायचं. गेल्या चार-पाच सफरींपासून ते आणावं लागतं.

पक्षी मात्र खोटे नाहीत. भटका अल्बाट्रॉस पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चक्क रडले होते. दोन माणसं हात पसरून शेजारी उभी राहिली तर जेवढी लांबी होईल तेवढे त्याचे पंख. आणि एवढे मोठे पंख तो हलवतच नाही. वाऱ्यावर कलतो, लाटेच्या पोटापर्यंत खाली येतो, परत वर चढतो, आणि जहाजाच्या मागे तासन् तास राहतो. उलट वादळपाखरू चिमणीहून जरासं मोठं. पाय पाण्यावर सोडून उडतं, त्यामुळे समुद्रावर चालल्यासारखं दिसतं. एवढासा जीव त्या लाटांमध्ये काय करतो, हे मला अजूनही कळलेलं नाही.

अडचण अशी की हे सगळं नवख्या माणसाला दिसतच नाही. महागड्या दुर्बिणी गळ्यात असतात, पण माणसं एका जागी टक लावून बसतात आणि त्या जागी पाणीच पाणी. मग मी त्यांना माझ्या मायनं शिकवलेलं सांगते. दुर्बीण खाली ठेवा. कुठंच बघू नका. डोळा सैल सोडा. समोरचं सगळं पाणी एकदम डोळ्यात येऊ द्या आणि कडेला काय हलतंय तेवढं पकडा. पाच-दहा मिनिटांत कुणीतरी ओरडतंच. प्रवासी मला विचारतात, ही युक्ती कोणत्या विद्यापीठात शिकलात? मी विषय बदलते.

माय दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायची. ज्वारी निसवली की तिला राखणीचं काम मिळायचं. रानाच्या मधोमध चार मेढी रोवून, वर फळ्या टाकून माळा बांधलेला असायचा. दिवस उगवायच्या आत ती त्यावर चढायची, हातात गोफण आणि पदराच्या ओट्यात खडे. शाळेच्या आधी मी तिच्याबरोबर असायची. चिमण्या, साळुंक्या, पोपट, आणि थंडीत येणाऱ्या भोरड्यांचे थवे. भोरड्या एकदा रानावर उतरल्या की कणसं धुऊन न्यायच्या. मी कणसांकडे डोळे फाडून बघत बसायची आणि पाखरू खाऊन गेलं की मला कळायचं.

"एका कणसाला काय बघायलीस?" माय म्हणायची. "डोळा सैल सोड. समदं रान डोळ्यात घे. जे हाललं ते पाखरू."

तिला पाखराचं नाव नेहमी सांगता यायचं असं नाही, पण ते पंख कसे हलवतं यावरून लांबूनच ओळखायची. नजरेच्या टोकाला काहीतरी फडफडलं की मान न वळवता तिची गोफण फिरायची. आमच्या भागात तिच्या डोळ्याची ख्याती होती. वालूरच्या बाजारात भेटलेले शेतकरी पुढच्या हंगामाचं तिथंच बोलून ठेवायचे. आता ज्वारी कमी झाली, सगळीकडे सोयाबीन आणि कापूस. त्याला राखण लागत नाही. माळे गेले आणि मायचं कामही गेलं. पण मी प्राणिशास्त्र शिकले, कोकणात मच्छीमारांच्या होड्यांवर बसून पक्षी मोजले, तिथून जहाजांवर गेले, ते सगळं त्या माळ्याच्या फळीवरून सुरू झालं. हे मी तिला कधी नीट सांगितलं नाही.

पहिल्या सफरीत मी एक चूक केली ती आमच्याकडचंच माणूस करू शकतं. आमच्याकडे घरात ताट सरकवायलासुद्धा दिशा लागते. उगवतीकडं सरक, मावळतीच्या कोनाड्यात ठेव, असंच बोलणं. तर पहिल्याच दिवशी मला अल्बाट्रॉस दिसला आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "पूर्वेला! पूर्वेला बघा!" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आकाश ढगांनी भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही, त्यात जहाज वळत होतं. पूर्व कुठे ते मलाही सांगता आलं नसतं. पक्षी निघून गेला. एका खलाशानं मला बाजूला घेऊन समजावलं की जहाजाचं नाक म्हणजे बारा, शेपूट म्हणजे सहा, आणि पक्षी घड्याळाच्या काट्यानं सांगायचा. ते अंगवळणी पडायला मला पूर्ण एक हंगाम लागला. अजूनही फार दमले की तोंडात आधी उगवतीच येते.

बंदराला लागलो की मी मायला फोन करायची. हा घड्याळाचा किस्सा तिला सांगितला तर तिनं विचारलं, "तिकडल्या लोकाला उगवती न्हाई का गं?"

तिचा दुसरा प्रश्न दर वेळी तोच असायचा. नवा पक्षी सांगितला की लगेच, "पंख कसं हालवतंय?" अल्बाट्रॉसचं मी तिला सांगितलं होतं, "माय, पंखच हलवत नाही. नुसतं तरंगत जातं." तिचा विश्वास बसला नाही. पंख न हलवता कुणी उडतं का, खाली नाही का पडणार? पुढच्या फोनला परत, "ते पंख न हालवणारं दिसलं का?" मी परत सगळं सांगायची. एकदा सुट्टीत मोबाईलवर चित्रफीत दाखवली. तिनं मोबाईल हातभर लांब धरून पाहिली आणि परत दिला. "ह्यात कशाचं मोठं? अंगठ्याएवढं हाय. मला माझ्या डोळ्यानं बघायचंय."

"दाखवीन की," मी म्हटलं. "एकदा समुद्रावर नेते तुला."

अल्बाट्रॉस आपल्याकडच्या समुद्रावर नसतो. पण निदान किनाऱ्यालगत उडणारी सुरय, निदान पावसाळ्यात पार दक्षिणेतून आपल्याकडे येणारं वादळपाखरू तरी दाखवता आलं असतं. होडीतून एक दिवस. पंधरा वर्षांत मला तो एक दिवस मिळाला नाही. म्हणजे मिळाला असता, मी काढला नाही. दिवाळीच्या सुमाराला माझा हंगाम सुरू व्हायचा, उन्हाळ्यात मी परत यायची ती नुसती झोपायला.

जहाजावर रोज संध्याकाळी एक रिवाज असतो. सगळे प्रवासी खालच्या दालनात जमतात आणि दिवसभरात दिसलेल्या पक्ष्यांची यादी भरली जाते. मी एकेक नाव घेते, ज्यांना दिसला ते हात वर करतात. मी त्याला मनात हजेरी म्हणते. मायलाही तोच शब्द सांगितला होता. हजेरीचा नियम एकच, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल तरच हात वर. आणि मी या नियमाला फार कडक. कुणी बळंच हात वर केला की मला कळायचं, कारण डेकवर पक्ष्याबरोबर मी माणसांच्या नजराही बघत असायची. जे "दिसला, दिसला" म्हणतात त्यांतले निम्मे भलतीकडेच बघत असतात.

एका सफरीत एक म्हातारी बाई होती, ऐंशीच्या पुढची. एकटीच आली होती. काठी टेकत डेकवर यायची. अल्बाट्रॉस दिसला त्या संध्याकाळी तिनं हात वर केला. मी पाहिलं होतं, पक्षी डावीकडे होता आणि ती उजवीकडे बघत होती. मी सगळ्यांदेखत गोड आवाजात विचारलं, "पंख कसे होते त्याचे?" तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "सगळे ओरडले, म्हणून मीही ओरडले." मी यादीत तिच्या रकान्यात रेघ मारली. दुसऱ्या दिवशी ती डेकवर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. मी काम चोख केलं असं वाटलं. आता त्या बाईची आठवण आली की माझी मला शरम वाटते.

भावाचा फोन आला तेव्हा मी बंदरात होते आणि पुढच्या सफरीला दोन तास उरले होते. धाकटा भाऊ जिंतूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. त्याची बायको मुलांच्या शाळेसाठी जिंतूरलाच खोली करून राहते, म्हणजे दिवसभर घरात माय एकटी.

"आक्का, माय लय धडकायली," तो म्हणाला. "काल चौकटीला डोकं लागलं. परवा हंड्यावर पडली."

"सुई ओवते का?" मी विचारलं.

"सुई? ओवते की. कालच वाकळ शिवायली होती."

"तांदूळ निवडते?"

"एक खडा ठिवत न्हाई."

"मग डोळ्याला काय झालंय? वय झालं, पाय लटपटत असतील. घाई करू नको म्हणावं."

आमच्याकडे डोळ्याची परीक्षा हीच. सुईत दोरा गेला की डोळा धड. माझ्या आजीचा डोळा असाच तपासला, आत्यांचा असाच, आणि प्राणिशास्त्र शिकलेल्या, नजरेच्या कडेवर पोट भरणाऱ्या मी माझ्या मायचा डोळाही असाच तपासला, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून. फोन ठेवला आणि जहाजावर चढले. पुढे दोन सुट्ट्यांत मी स्वतः पाहिलं की ती चहाचा कप घेताना आख्खी मान फिरवते, तिच्या बाजूला येऊन बसलं की दचकते. मला वाटलं हट्टीपणा वाढलाय. एकदा तर मी चिडलेसुद्धा, "बाजूला बसलेलं माणूस दिसत नाही का तुला?"

खरंच दिसत नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात परभणीच्या डॉक्टरांनी तिला एका यंत्रासमोर बसवलं आणि कागद माझ्या हातात दिला. दोन काळी वर्तुळं, मध्ये बोटभर पांढरं. काचबिंदू. "बाजूचं सगळं गेलं," ते म्हणाले. "मधलं तेवढं राहिलंय, नळीतून बघितल्यासारखं. म्हणून सुई ओवतात. हा आधी कडेनंच खातो, माणसाला पत्ता लागत नाही." मी विचारलं, गेलेलं परत येईल का. नाही. राहिलेलं जपायचं. सकाळ-संध्याकाळ वेळेवर थेंब, एकही दिवस न चुकता, जन्मभर. जाताना त्यांनी आणखी एक सांगितलं. या माणसांना जवळचं तुकड्यातुकड्यानं दिसतं, पण लांबची वस्तू त्या नळीत आख्खी मावते. "पण ती कुठे आहे ते सापडायला हवं. सापडतच नाही, ते खरं दुःख आहे."

जीपमध्ये बसल्यावर मी रडले. मायनं माझ्या आवाजावरून तोंड फिरवून मला शोधलं आणि म्हणाली, "तुला का रडू यायलंय? डोळा माझा हाय." म्हणजे सैल डोळाच गेला होता. टक लावून बघायचा तेवढा राहिला होता.

थेंब तिला स्वतःला घालता येत नाहीत. थेंब गालावर ओघळतो आणि ती म्हणते, "गेला आत." भाऊ सकाळी घाईत घालतो किंवा विसरतो, संध्याकाळी दमून येतो. त्याला बोलायला मला तोंड नाही. उन्हाळ्यापासून मीच घालते. आणि जहाजवाल्यांचा निरोप येऊन पडला होता, येत्या हंगामाचं हो की नाही ते शनिवारपर्यंत कळवा. नाही म्हटलं तर माझी जागा दुसऱ्या कुणाला जाणार, ती परत मिळणार नाही, हे न लिहिताही कळत होतं. मला जायचं होतं का? खरं सांगायचं तर दमले होते. पण मला दुसरं काही येत नाही, आणि सकाळी जाग आली की पंख न हलवणारा तो पक्षी अजून डोळ्यांपुढं येतो.

माय तर हट्टालाच पेटली होती. "तू जा. मला दिसायलंय की. माझ्यापायी घरी बसू नको." दिवसातून चार वेळा.

तो आठवडा वादळी होता. तिन्ही त्रिकाळ मावळतीचा वारा, पावसाची झड. गुरुवारी दुपारी आमच्या गल्लीतली वहिनी खुरपणीवरून थेट आमच्या दारात आली, डोक्यावर घमेलं, घमेल्यावर ओला टॉवेल. "आक्का, सोयाबीनमंदी पडलं होतं. घारीवानी हाय पण घार न्हाई. तुमचं असंल."

मी टॉवेल उचलला. वरून काजळी काळं, खालून पांढरंशुभ्र, कपाळावर पांढरा पट्टा, शेपटीला खोल खाच. सूटी टर्न. मी तिला काजळी सुरय म्हणते. भर समुद्रावरचं पाखरू. पिल्लू घरट्यातून एकदा उडालं की वर्षानुवर्षं जमिनीला पाय लावत नाही, हवेतच खातं, हवेतच झोपतं. ते आमच्या खुरपणीच्या रानात सापडलं. वाऱ्यानं इतक्या आत आणून टाकलं होतं. माझ्याइतकंच दमलेलं दिसत होतं.

जहाजावर असे पक्षी डेकवर येऊन पडतात. तिथं करतो तेच केलं. खोक्याला भोकं पाडली, खाली फडकं अंथरलं, अंधारात ठेवलं, पाणी पाजायची घाई केली नाही. ओळखीच्या वनरक्षकाला फोन लावला. तो म्हणाला, तुम्हाला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, उघडीप बघून सोडा.

"मला दाखव," मायनं खाटेवरून सांगितलं.

मी दोन्ही हातांत धरून पाखरू तिच्यासमोर नेलं. ती मान हळूहळू फिरवत त्याच्यावरून नजर नेत होती. "ही चोच. सुईवानी हाय. हा डोळा. हे पांढरं काय, पोट?" मग थांबली. "आन् पाखरू कुठं हाय?"

मी पाखरू परत खोक्यात ठेवलं. डॉक्टरांचं बोलणं आठवलं. लांब गेलं की आख्खं मावेल. हे उडून लांब गेलं की मायला दिसेल, मी तिला नीट दिशा दिली तर. जन्मभर परक्या लोकांना पक्षी सापडवून दिले, एक मायला देता येणार नाही का? मी तिला तसं बोलून दाखवलं. ती खूश झाली. "समुद्राचंच हाय ना पण?" तिनं दोनदा विचारलं.

शुक्रवारी सकाळी उघडीप होती. गावामागच्या टेकाडावर मी तिला हात धरून नेलं, दुसऱ्या काखेत खोकं. दगडावर तिला बसवलं आणि जहाजावर कधी केली नव्हती एवढी तयारी केली. वारा मावळतीचा, पाखरू दमलेलं, म्हणजे ते वाऱ्याबरोबर उगवतीकडंच जाणार असा माझा हिशोब. उगवतीला सगळं मोकळं रान, एक बाभूळ. मायचं तोंड तिकडं केलं. "बाभूळ सापडली?" "सापडली." "शेंडा?" "शेंडा दिसायलाय." "त्याच्यावर दोन बोटं नजर ठेव. तिथून जाईल."

खोकं उघडलं. सुरयीनं पंख पसरले, मी हात उंच केले, आणि ती सुटली. उचलली गेली, वाऱ्यानं एकदा उगवतीकडं ढकलली, आणि मग माझा सगळा हिशोब मोडून तिनं तोंड फिरवलं. पंख मारत, जोरजोरात मारत, आमच्या डोक्यावरून वाऱ्याच्या तोंडावर मावळतीकडं निघाली. समुद्राकडं.

"मावळतीला, माय! माघारी फिर! मावळतीला!"

माय दगडावरून उठली, धडपडली, मी तिला धरलं. ती फिरली. मान वर, डोळे बारीक. मी तिच्या हनुवटीला धरून तोंड वळवत होते, अजून जरा, अजून वर, आणि तोवर सुरय एक काळा ठिपका झाली होती. मग तोही नाही. मायची नजर त्या जागेपासून चांगली चार हात लांब होती. तिथं नुसतं आभाळ होतं.

"दिसलं!" माय म्हणाली. "दिसलं गं! लय मोठं हाय."

पंधरा वर्षांची सवय वाईट. तोंडातून प्रश्न निघून गेला. "पंख कसं हलवत होतं?"

"पंख?" ती आभाळाकडंच बघत होती. "पंखच हालवत न्हाई. नुसतं तरंगत जायलंय."

माझेच शब्द होते ते. बंदरातल्या कुठल्याशा फोनवरून, घाईत, मागे लोकांचा गलका चालू असताना सांगितलेले. तिनं ते शब्दाला शब्द जपून ठेवले होते.

"बघितलंस?" ती म्हणाली. "मला दिसायलंय. आता तू जहाजावर जा."

मी तिचा हात धरला आणि आम्ही टेकाड उतरलो. ती सुरय वाचली असेल असं मला वाटत नाही. एवढं दमलेलं पाखरू सहसा समुद्रापर्यंत पोचत नाही. मायला मी ते सांगितलं नाही.

घरी आल्यावर जहाजवाल्यांना कळवून टाकलं, येणार नाही. दोन ओळी लिहायच्या होत्या, त्याला अर्धा तास लागला. वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही खरं आहे. संध्याकाळी थेंबांच्या वेळेला मायचं डोकं मांडीवर घेतलं. उजवा डोळा, डावा डोळा. थेंब आत गेल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून ठेवायचे असतात. मिटल्या डोळ्यांनीच तिनं विचारलं, "हजेरीत लिव्हलंस का गं?"

"लिहिते की."

आणि माझी वही ओढून, सगळे नियम माहीत असताना, मी लिहिलं. काजळी सुरय, एक. पाहणारे, दोन.